शाळा सुटल्यावरचे दोन तास

श्रावणांत लोणावळ्याची शाळा सुटते तेव्हां धुकें रस्त्यावर उतरलेलें असतें. मूल दप्तर टाकून खिडकीशीं बसतें आणि आई म्हणते, “ह्याला आतां कोठें तरी अडकवून टाकलें पाहिजे!” पुढील साऱ्या घोटाळ्याचें मूळ या ‘अडकवून टाकण्यांत’ आहे. शाळेचे तास गुरुजींचे, रात्रीचा अभ्यास घरच्यांचा; मुलाच्या मालकीचे असे मधले दोन तासच काय ते उरतात.

त्या तासांची वांटणी बहुधा शेजारचें मूल कोठें जातें हें पाहून होते, किंवा आईबापांच्या राहून गेलेल्या हौसेवरून. वडिलांस तबला शिकावयास मिळाला नाहीं, म्हणून मुलापुढें डग्गा येतो. “तुला काय आवडतें?” हा प्रश्नही फारसा कामाचा नाहीं, मूल आपल्या मित्राचें उत्तर देऊन मोकळें होतें. त्यापेक्षां पंधरा दिवस न बोलतां पाहावें. डबे बडवणाऱ्या मुलास ताल आवडतो कीं नुसता गोंगाट? चेंडूमागें धांवणाऱ्यास जिंकणें प्रिय आहे कीं सोबत? सोबत प्रिय असणारें मूल बुद्धिबळाच्या पटावर कोमेजतें, आणि एकट्यानें कांहीं घडवण्यांत रमणारें मूल संघांत चुकून शिरल्यासारखें वावरतें.

मावळांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते, ती पाऊस. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जूनमध्यें क्रिकेटला घातलेलें नांव चिखलांतच राहतें. या दिवसांत गाणें, चित्रकला, छपराखालचा मल्लखांब बरा. दसऱ्यानंतर मैदान आणि डोंगर. ऋतूप्रमाणें उद्योग बदलणें म्हणजे धरसोड नव्हे. चढाओढीस भिणारीं कितीएक मुलें लोहगड-तिकोन्याच्या वाटेवर खुलतात. भाजें येथील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची, वाद्य वाजविणाऱ्या स्त्रीची आणि तिच्या तालावर नाचणारीची आकृति कोरलेली आहे. चित्र काढणाऱ्या मुलास तेथें वही घेऊन बसूं द्यावें. हीं लेणीं आपण पाहुण्यांस हौसेनें दाखवितों, घरच्या मुलास मात्र क्वचितच!

मग शिक्षकाचा प्रश्न येतो. पुण्यांत नामांकित वर्ग पुष्कळ आहेत, परंतु लोणावळ्याहून पुणें सुमारें चौसष्ट किलोमीटर. तासभराच्या शिकवणीसाठीं लोकलमध्यें जाऊन-येऊन तीन तास गेले, तर मुलाच्या पदरीं शीणच अधिक पडतो. दहा वर्षांखालील मुलास पुण्यांतील कीर्तिवंतापेक्षां गांवांतला प्रेमळ शिक्षक अधिक देतो.

शिक्षक काय करूं शकतो याचें उदाहरण लोणावळ्यांतच आहे. जगन्नाथ गणेश गुणे (1883–1966) हे मॅट्रिकला संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविणारे विद्यार्थी. अशा मुलावर आपण ‘पुस्तकी’ असा शिक्का मारून मोकळे झालों असतों. परंतु बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेंत प्रो. माणिकरावांच्या हाताखालीं त्यांनीं तीन वर्षें शरीर कमावलें. पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें त्यांनीं 1924 सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि आसनें-प्राणायामांचा परिणाम क्ष-किरणांनीं व उपकरणांनीं तपासून पाहिला.

मुलाच्या निवडीसही अशी तपासणी हवी. आरंभींच तीन महिन्यांचा करार करावा: तेवढे दिवस नेमानें जावयाचें, मग ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मुलाचा. मधल्या काळांत कंटाळा येतोच, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत, नवलाई ओसरल्यावर. त्यास भिऊं नये. थकलेलें मूल घरीं आल्यावर, जेवतां जेवतां कां होईना, वर्गांतली एखादी गोष्ट सांगतें. ज्यास वर्ग नकोसा झाला आहे तें गप्प बसतें, आणि नेमक्या त्याच दिवशीं त्याचें पोट दुखतें. असें दोन-चार वेळां घडलें, तर मुलास दटावण्याआधीं त्याच्याशीं शांतपणें बोलावें आणि शिक्षकासही जाऊन भेटावें.

मुदत संपल्यावर मूल ‘नको’ म्हणालें, तर भरलेल्या फीचा हिशेब त्याच्यापुढें मांडूं नये. आणि आठवड्यांतील एक संध्याकाळ तरी कोठल्याच वर्गास देऊं नये. त्या संध्याकाळीं तें पुन्हा खिडकीशींच बसेल, पागोळ्या मोजत, बसूं द्यावें.