बिनतारी रणगाडे : जुन्या छंदाकडे परततांना

ऐन तारुण्यांत जडलेला एखादा छंद संसाराच्या व नोकरीच्या धबडग्यांत मागें पडतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनंतर माळ्यावरची पेटी उघडली म्हणजे तो पुन्हां जागा होतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. बिनतारी लहरींवर चालणाऱ्या रणगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद याच जातीचा होय. जपान, युरोप व अमेरिका येथील ज्या मुलांनीं १९७० नंतरच्या दशकांत असे रणगाडे हौसेनें जुळविले, तीं आतां साठीच्या आसपास पोंचलीं आहेत, आणि त्यांच्यापैकीं कित्येक या खेळाकडे परत वळलीं आहेत. अशा परतणाऱ्या माणसापाशीं जुन्या ज्ञानाची शिदोरी असते. तिच्यांतलें काय अद्याप चांगलें आहे व काय नासलें आहे, हें निवडून काढणें त्याचें पहिलें काम.

दूरच्या वस्तूस तारेवांचून हुकूम देण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी नाव बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. रणगाडा त्यानंतर अठरा वर्षांनीं, १५ सप्टेंबर १९१६ रोजीं, फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर प्रथम अवतरला. या दोन शोधांची गांठ घालून ती घरोघर पोंचविणाऱ्यांत जपानच्या शिझुओका शहरांतील तामिया कारखाना अग्रगण्य होय. १९४६ सालीं लांकूड कापण्याच्या धंद्यांतून निघालेल्या या कारखान्यानें १९७४ सालीं अमेरिकन शेर्मन रणगाड्याची सोळाव्या हिश्शाची बिनतारी प्रतिकृति विक्रीस काढली. आज चिनी कारखान्यांचे स्वस्त रणगाडेहि याच मापाचे मिळतात.

सोळावा हिस्सा म्हणजे काय हें उमगलें कीं या खेळाचें अर्धें मर्म हातीं येतें. जर्मनीच्या टायगर रणगाड्याचा सांगाडा सुमारें ६.३ मीटर लांब. प्रतिकृतींत तो चाळीस सेंटिमीटरच्या आंत बसतो. वजन मात्र लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनीं घटतें, म्हणजे ४०९६ पटींनीं. सुमारें ५७ टनांचा टायगर या हिशेबानें १४ किलोग्रॅमचा व्हावयास हवा. प्लॅस्टिकची प्रतिकृति त्याच्या निम्म्याहूनहि हलकी असते. म्हणून ती बेतानें न चालविल्यास जड यंत्रासारखी डोलत नाहीं, रिकाम्या डब्यासारखी उडते. वेगाचेंहि तसेंच. खरा टायगर सडकेवर ताशीं सुमारें ४० किलोमीटर धांवे. त्याचा सोळावा हिस्सा ताशीं अडीच किलोमीटर, म्हणजे रमतगमत फिरणाऱ्या माणसाहूनहि सावकाश. कळ हळूहळू पुढें सारावी, थांबवितांना ती एकदम सोडूं नये, वळवावयाचें त्या बाजूचा पट्टा मंद करावा, जागच्या जागीं फिरवावयाचें असल्यास दोन पट्टे परस्परविरुद्ध दिशांनीं चालवावे, ही बोटांची विद्या वर्षानुवर्षें टिकते. तिच्यांत बदल करण्याचें कारण नाहीं.

बिनतारी लहरी मात्र पार बदलल्या. जुने संच पुष्कळदां २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्या लहरीची लांबी ११ मीटर, म्हणून प्रेषकाला ओढून लांब करण्याची दांडी लागे. प्रेषक व ग्राहक यांत स्फटिकांची जुळणारी जोडी बसवावी लागे, आणि मैदानावर दोघांपाशीं एकच जोडी निघाली तर एकाच्या हुकुमानें दुसऱ्याचा रणगाडा भलतीकडे धांवे. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून दांडीहि बोटभर. प्रेषकाची व ग्राहकाची एकदां ओळख करून दिली कीं ग्राहक दुसऱ्या कोणाचें ऐकत नाहीं. एक नियम तेवढा जुनाच राहिला: सुरू करतांना प्रथम प्रेषक, मग रणगाडा, बंद करतांना प्रथम रणगाडा, मग प्रेषक.

खरा धोका बॅटरींत आहे. जुन्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या, १.२ व्होल्टचे सहा घट मिळून ७.२ व्होल्ट होत. ती पूर्ण उतरवून मगच भरावी, अशी शिकवण त्या काळीं दिली जाई. आजच्या लिथियम बॅटरीचे ३.७ व्होल्टचे दोन घट मिळून ७.४ व्होल्ट होतात. आंकडा जवळजवळ तोच; पुष्कळदां जोडहि तोच. त्यामुळें परतलेला खेळाडू ती जुन्या रणगाड्यांत घालतो, जुन्या संवयीनें पूर्ण उतरवितो आणि जुन्याच चार्जरला लावतो. येथें घात होतो. लिथियमचा घट ३ व्होल्टच्या फार खालीं गेला कीं कायमचा बिघडतो, आणि ४.२ व्होल्टच्या वर चढविला कीं तापतो, फुगतो व पेट घेऊं शकतो. निकेलचा चार्जर तेथें थांबण्यासाठीं बनविलेलाच नसतो. म्हणून लिथियमला तिचा स्वतंत्र, दोन्ही घट समान भरणारा चार्जरच हवा. भरतांना बॅटरी रणगाड्यांतून बाहेर काढून, न जळणाऱ्या जागीं, नजरेसमोर ठेवावी; रात्रभर भरत ठेवूं नये; फुगलेली पुन्हां वापरूं नये. घरांत नातवंडें असल्यास हे नियम दुप्पट कसोशीनें पाळावे. ज्याला ही दगदग नको त्यानें निकेल-मेटल-हायड्राइडची बॅटरी व तिच्या जातीचा चार्जर घ्यावा. जुन्या संवयी ती पुष्कळ अंशीं सोसते.

माळ्यावरून काढलेल्या रणगाड्याला लगेच वीज देण्याची घाई करूं नये. आंत विसरलेली बॅटरी झिरपली असेल तर ती हातमोजे घालून काढावी व जोडांवरचा गंज पुसावा. दंतचक्रांतलें वंगण वाळून घट्ट झालेलें असतें. तें काढून नवें लावावें. ठिसूळ झालेले पट्टे बदलावे.

आजच्या कित्येक प्रतिकृतींतून इंजिनाचा आवाज निघतो, आणि गोळ्याऐवजीं अवरक्त किरण सोडून लुटुपुटीची लढाईहि खेळतां येते. ठराविक मारे बसले कीं रणगाडा निश्चल होतो व थोड्या वेळानें पुन्हां चालूं लागतो. खऱ्या रणगाड्यांतल्या माणसांना अशी दुसरी संधि नव्हती. महाराष्ट्रांतील हौशी माणसाला हें उमजून घेण्यासाठीं दूर जावयास नको. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या लष्करी रणगाडा-संग्रहालयांत खरीं धुडें उभीं आहेत. त्यांचे पोलादी पट्टे जवळून पाहिलेला मनुष्य आपला चिमुकला रणगाडा अधिक सावकाश चालवूं लागेल. परतणाऱ्यानें आपल्या बोटांवर खुशाल भरंवसा ठेवावा. चार्जर विकत घेतांना मात्र नवशिक्याप्रमाणें चार प्रश्न विचारावे.