गोळी का सुटते?

हृदय कमजोर झालेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर बजावतात: गोळ्या रोज घ्या, मीठ कमी करा, वजन बघा. महिन्याभरात यातलं बरंच सुटतं आणि घरचे म्हणतात, "ऐकतच नाही." गटाच्या बैठकांत आम्ही अशा घरांचं ऐकतो. आम्हाला तरी हा नुसता हट्ट वाटत नाही.

'हार्ट फेल' म्हटलं की वाटतं, हृदय बंद पडलं. तसं नसतं. हृदयाच्या पंपाचा जोर कमी पडतो, म्हणून अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. गोळ्यांनी सूज उतरते आणि बरं वाटलं की गोळी थांबते. ताप उतरला की औषध बंद, ही आपली जुनी सवय. इथं मात्र गोळी चालू आहे म्हणूनच बरं वाटत असतं. हे सांगायला गर्दीच्या दवाखान्यात कुणाला वेळ नसतो.

बायांची अडचण आणखी वेगळी. पाणी काढणारी गोळी घेतली की पुढचे काही तास सारखं लघवीला जावं लागतं. तेव्हा ती खुरपायला गेलेली असते, नाहीतर एसटीत बसलेली. आडोसा कुठला? मग बाजाराच्या दिवशी ती गोळी गुपचूप गाळते. डॉक्टरांपुढे बोलायची लाज वाटते, पण हेच बोलायला हवं. गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का, ते डॉक्टर बघू शकतात. मनानं गाळलेली गोळी रात्री धाप होऊन उठवते. उपवासालाही गोळी चुकवायची नाही.

मिठाचं तर घरावरच अवलंबून. कालवण एकाच पातेल्यात; सासूबाईंसाठी वेगळं करतील, पण सून आजारी असेल तर तिच्यासाठी कोण करणार? त्यापेक्षा सगळ्यांचंच कमी मिठाचं शिजवावं, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. निरोगी माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचं, सुकट, भज्यातला सोडा हे सगळं त्यातच धरायचं. सैंधवही मीठच.

पैशाचं तर विचारूच नका. महिनाअखेर पाकीट पुरवायचं म्हणून गोळी दिवसाआड होते. ती आधी सरकारी दवाखान्यात मिळते का बघावं, नाहीतर जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी मात्र अंगात पाणी वाढतं. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

वजन सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. काटा नसेल तर गटाच्या पैशातून एक घेता येतो. पण रोज चढायचं असल्यानं तो कार्यालयात कुलपात नको, आजारी बाईच्या शेजारच्या घरात ठेवा.