शाळेंतील पुस्तकांचा तास

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं पुस्तकांचें एखादें तरी कपाट असतेंच. मूल रांगूं लागलें कीं तें पहिल्यानें त्याच कपाटाच्या खालच्या फळीकडे धांव घेतें, चार पुस्तकें ओढून काढतें, एखादें पान फाडतें, आणि घरांतील वडील मंडळी रागें भरतां भरतां हंसूं लागतात. पुस्तकाशीं मुलाची पहिली ओळख बहुधा अशीच होते. ही गोष्ट आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ज्या घरांत फाडावयासही पुस्तक नाहीं तेथील मुलाचें वाचन कोठून सुरू होत असेल, हा प्रश्न आमच्या मनास सहसा शिवत नाहीं. जालना जिल्ह्यांतील एका प्राथमिक शाळेंत कांहीं दिवस जाण्याचा योग आला, तेव्हां तो आमच्यापुढें उभा राहिला. त्या शाळेंत प्रत्येक वर्गास आठवड्यांतून एकदां ‘पुस्तकांचा तास’ असतो. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आज योजिलें आहे.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वीं त्याचा बराचसा भाग तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत व परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यांत मोडत असे. बियाण्यांचा व्यापार, लोखंडाचे कारखाने आणि मोसंबी यांमुळें जालन्याचें नांव दूरवर गेलें आहे. पण याच जिल्ह्यांतील कित्येक कोरडवाहू गांवांतून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊंसतोडीस निघून जातात, हें चित्र शहरांतील वाचकांस तितकेंसें परिचित नसेल. आम्ही पाहिलेली शाळा अशाच एका गांवची आहे. शाळा जिल्हा परिषदेची; वर्ग पांच, शिक्षक दोन. लहान मुलांची हकीकत सांगावयाची असल्यामुळें गांवाचें नांव येथें देत नाहीं.

या प्रांतांत मराठी पुस्तक हें कधींच फुकाचें मिळालेलें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें, आणि वरच्या शिक्षणांत मुलाच्या मायबोलीस फारसा थारा नव्हता. अशा काळीं परभणीस १९०१ सालीं गणेश वाचनालय निघालें, पुढें इतर गांवींही वाचनालयें उभीं राहिलीं, आणि मराठी वाचन जिवंत राहिलें तें पुष्कळसें त्यांच्या आधारानें. वाचनालय म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे, ही जाणीव मराठवाड्यांतील वडील पिढीस होती. तिचा विसर पडूं न देणें हें आतां आमच्या पिढीकडे आहे.

आमच्या स्वतःच्या शाळेंतही पुस्तकांचें एक कपाट होतें. त्याची किल्ली मुख्य गुरुजींच्या जानव्यास बांधलेली असे. वर्षांतून एकदां तपासणीच्या दिवशीं कपाट उघडावयाचें, पुस्तकें झटकावयाचीं, मोजावयाचीं, आणि पुन्हा कुलूप लावावयाचें, असा परिपाठ होता. कांचेआडून आम्हीं पुस्तकांच्या पाठी पुष्कळ वाचल्या. आंतील पान मात्र कधीं पाहावयास मिळालें नाहीं. पुढें त्या कपाटास वाळवी लागली. जीं पुस्तकें मुलें फाडतील म्हणून जपून ठेविलीं, तीं कोणींही न वाचतां मातीस मिळालीं. त्या गुरुजींस आम्ही दोष देत नाहीं. एक पुस्तक हरवलें तर त्याची किंमत पगारांतून भरावी लागेल, या धास्तीनें त्यांनीं किल्ली सांभाळली होती.

कुलुपाची ही परंपरा जुनी आहे. श्रीसमर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं याच जिल्ह्यांतील जांब येथें झाला. त्यांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत लेखनक्रियेचा एक स्वतंत्र समास घातला असून, त्यांत शाई, लेखणी, कागद यांपासून पोथीच्या वेष्टनापर्यंत व पेट्या-कुलुपांपर्यंत सर्व साहित्याचा विचार केला आहे. तें त्या काळास योग्यच होतें. एक पोथी उतरून घेण्यास महिनेच्या महिने लागत. ती गेली म्हणजे एका माणसाचे तेवढे श्रम गेले. युरोपांतही एके काळीं ग्रंथ सांखळीनें फळीस जखडून ठेवीत असत, तेंही याच कारणास्तव. पण मुद्रणकला आली आणि हिशेब उलटा झाला. आज पुस्तक पुन्हा विकत मिळतें. मुलाचें सातवें-आठवें वर्ष पुन्हा मिळत नाहीं. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं आपलीं पांच सूत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांतील पहिल्याच सूत्रांत ग्रंथाचें प्रयोजन त्याच्या उपयोगांत आहे असें त्यांनीं सांगितलें, तें या कुलुपास उद्देशूनच होय.

आतां आम्हीं पाहिलेल्या तासाकडे वळूं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज एकेका वर्गाचा क्रम येतो. सोमवारीं पहिलीचीं मुलें सतरंजीवर अर्धवर्तुळ करून बसतात. गुरुजी चित्रांचें पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतात, ओळीखालून बोट फिरवीत सावकाश वाचतात, आणि पान उलटण्यापूर्वीं विचारतात, “आतां काय होईल?” एकच पुस्तक पुढच्या सोमवारींही वाचलें जातें. आम्हांस प्रथम याचें नवल वाटलें. पण दुसऱ्या खेपेस मुलें गोष्ट आधींच सांगूं लागलीं, आणि एका मुलानें गुरुजींनीं गाळलेला शब्द बरोबर पकडला, तेव्हां यांतील मर्म ध्यानांत आलें. तोंडची गोष्ट दर वेळीं थोडी बदलते. छापलेली गोष्ट तीच राहते, आणि ती त्या काळ्या खुणांत सांठविलेली असते, हें ज्ञान अक्षरओळखीच्याही आधींचें आहे. आमच्या घरचीं मुलें तें मांडीवर बसूनच मिळवितात. ज्यास घरीं कोणी वाचून दाखविणारें नाहीं त्यास तें शाळेनेंच दिलें पाहिजे.

दुसरीचीं मुलें आपलें पुस्तक आपण निवडतात. सोयीसाठीं पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटविलेल्या आहेत: एक रंग थोड्या शब्दांच्या पुस्तकांस, दुसरा त्याहून मोठ्यांस, याप्रमाणें. तिसरीचा तास जोडीचा. चांगलें वाचणाऱ्याशेजारीं अडखळणारा बसतो, दोघांत पुस्तक एकच, आणि पान आळीपाळीनें. चवथीचें मूल उभें राहून वाचलेल्या पुस्तकाविषयीं दोन मिनिटें बोलतें. तात्पर्य सांगावयाचें नाहीं, असा गुरुजींचा दंडक आहे. कोठें मजा वाटली आणि कोठें कंटाळा आला, एवढेंच सांगावयाचें. एक मुलगा आमच्यादेखत म्हणाला कीं, हें पुस्तक अर्ध्यावर बरें होतें, पुढें उगीच लांबविलें आहे. मोठमोठ्या टीकाकारांस जें धैर्य होत नाहीं तें या मुलास झालें, याचा आम्हांस आनंद वाटला. पांचवीच्या तासांत अनुक्रमणिका कशी पाहावी, कोशांत शब्द कसा शोधावा, पुस्तकावर लेखकाचें, चित्रकाराचें व प्रकाशकाचें नांव कोठें असतें, हें शिकवितात. देवघेवीची वही लिहिण्याचें कामही पांचवीकडेच आहे. शनिवारीं सुई-दोरा, खळ आणि खाकी कागद घेऊन फाटक्या पुस्तकांची डागडुजी होते, आणि फळ्या पुसून मागें कडुलिंबाचा पाला ठेविला जातो. ज्या हातांनीं पुस्तक शिवलें ते हात सहसा तें फाडीत नाहींत.

फळीवर काय आहे असें कोणी विचारील. माधुरी पुरंदरे यांचीं चित्रमय पुस्तकें आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, नॅशनल बुक ट्रस्ट व प्रथम बुक्स यांचीं स्वस्त पुस्तकें आहेत, आणि बालभारतीकडून १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे हाताळून मऊ झालेले अंक आहेत. पैशाची सोय अगदींच नाहीं असें नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेस ग्रंथालय आवश्यक ठरविलें. २०१८ सालीं सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेंत शाळेच्या इयत्तांप्रमाणें वर्षास ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद करण्यांत आली. उणीव आहे ती वेळाची. दोन शिक्षकांनीं पांच वर्ग सांभाळावयाचे, त्यांत कागदपत्रांचीं कामें. अशा ओढाताणींत ज्याची परीक्षा होत नाहीं तो तास सर्वांत आधीं बुडतो. गुरुजींनीं हा तास वेळापत्रकांत लिहून भिंतीवर लाविला आहे. “भिंतीवर असला म्हणजे मुलेंच आठवण करून देतात,” असें ते म्हणाले.

त्यांनीं सांगितलेली एक हकीकत आम्हांस विसरतां येत नाहीं. चवथीच्या वर्गांत एक मुलगी होती. घरीं आजी असेल त्या वर्षीं ती गांवीं राही. कांहीं गांवीं हंगामी वसतिगृह निघतें, तशी सोय झाली तर तेथें राही. त्या वर्षीं मात्र धाकट्या भावास सांभाळावयास कोणी नसल्यामुळें तिला आईबापांबरोबर ऊंसाच्या फडावर जावें लागणार होतें. जाण्याच्या आदल्या दिवशीं ती कपाटापाशीं घुटमळत राहिली आणि शेवटीं म्हणाली, “सर, हे पुस्तक संगं नेऊ का? कोपीवर वाचीन.” नियम आठ दिवसांचा, ती येणार पांच-सहा महिन्यांनीं. पुस्तक न आल्यास वहींत तूट दिसणार. गुरुजींनीं क्षणभर विचार केला आणि एकाऐवजीं दोन पुस्तकें तिच्या हातीं दिलीं.

सारा हिंवाळा गेला. वहींतील परतीचा रकाना कोराच राहिला. पाडव्यानंतर ऊंसाचा हंगाम संपून गाड्या परतल्या, तेव्हां ती मुलगी शाळेंत आली. तिच्या हातांत एकच पुस्तक होतें. त्याचें वरचें पान नाहींसें झालें होतें, आणि पाठ खताच्या पोत्याच्या दोऱ्यानें शिवलेली होती. दुसरें पुस्तक शेजारच्या कोपींतील एका मुलीनें वाचावयास घेतलें, आणि एके दिवशीं त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. ती मुलगी कोणत्या गांवची, हें हिला सांगतां येईना. ती रडूं लागली. गुरुजींनीं वहींत त्या पुस्तकापुढें लिहिलें, ‘वाचनांत आहे’. आम्हीं ती नोंद डोळ्यांनीं पाहिली. तपासणीच्या दृष्टीनें ती बरोबर कीं चूक हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. पण आमच्या लहानपणच्या त्या वाळवी लागलेल्या कपाटांतील सर्व पुस्तकें ‘शिल्लक’ म्हणून नोंदलेलीं होतीं, हें मात्र आम्हांस त्या वेळीं आठवलें. त्या मुलीचें शिक्षण पुढें टिकेल कीं नाहीं हेंही कोण सांगणार? परत आली तेव्हां गणितांत ती मागें पडली होती. वाचन मात्र तिचें तुटलें नव्हतें.

मूल पुस्तकाकडे येऊं शकत नसेल तर पुस्तकानें मुलाकडे जावें, ही कल्पना नवी नाहीं. बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यांत ग्रंथालयांचें खातें उभें केलें, तेव्हां निवडक पुस्तकांच्या लांकडी पेट्या खेडोपाडीं पाठविण्याची फिरत्या ग्रंथालयांची व्यवस्थाही केली होती. शतकापूर्वीं एका संस्थानास जें साधलें, तें आज प्रत्येक टोळीबरोबर पुस्तकांची एक लहानशी पेटी पाठविण्यापुरतें आम्हांस साधूं नये काय?

सरकारनें काय करावें हें सांगणें सोपें आहे. आमच्या वाचकांनीं काय करावें एवढें सांगून हा लेख पुरा करतों. पहिली गोष्ट, शाळेस पुस्तकें द्यावयाचीं तर रद्दी देऊं नये. जुनीं मार्गदर्शकें, सुटलेले अंक, आणि जें आपल्या घरीं कोणी वाचीत नाहीं असें जाडजूड वाङ्मय दान करून आपलें कपाट मोकळें होतें, मुलांचें भरत नाहीं. आपल्या नातवंडाच्या वाढदिवशीं त्याच्यासाठीं जें पुस्तक घ्याल त्याचीच दुसरी प्रत शाळेसाठीं घ्यावी. दुसरी गोष्ट, ज्यांस सवड आहे अशा सेवानिवृत्त गृहस्थांनीं व आमच्या भगिनींनीं, मुख्याध्यापकांची संमति घेऊन, जवळच्या शाळेंत आठवड्यांतून एक तास पुस्तक वाचून दाखवावें. यास पदवी लागत नाहीं. आवाज, धीर आणि ठरल्या दिवशीं न चुकतां जाणें एवढेंच लागतें. एकदां जाऊन छायाचित्र काढून येणाऱ्यांपेक्षां न गेलेले बरे, कारण मुलें पुढच्या सोमवारीं वाट पाहतात. आणि तिसरी गोष्ट, दिलेलें पुस्तक फाटलें असें कळलें तर वाईट वाटूं देऊं नये. तें किती हातांतून गेलें एवढें विचारावें, आणि दुसरें पाठवून द्यावें.