विमानप्रवास : भीती आणि वस्तुस्थिती
वसई तालुक्यातील सांडोरहून परदेशी निघालेल्या प्रवाशास विमानात पाऊल ठेवताना धाकधूक वाटणे स्वाभाविक आहे. तेथे आपला जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईस निघालेले ‘सम्राट अशोक’ विमान वांद्र्यापुढील समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. काळोखात मुख्य वैमानिकासमोरील कलदर्शक यंत्र चुकीचा कल दाखवीत होते. एकाच यंत्रावर विसंबू नये व दोघा वैमानिकांनी परस्परांची पडताळणी करावी, हा अशा अपघातांचा धडा होय. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेने ही भीती पुन्हा जागी झाली. तथापि, अंतराच्या प्रमाणात रस्त्यावरील धोका कितीतरी अधिक आहे. पट्टा बांधणे व सूचना लक्षपूर्वक ऐकणे मात्र प्रवाशाच्याच हाती आहे.