बक्षिसाच्या उंबरठ्यावर
लास व्हेगासची ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ घेऊ. २०२३च्या मुख्य स्पर्धेत प्रवेशशुल्क १०,००० डॉलर, खेळाडू १०,०४३. बक्षिसं १,५०७ जणांना, किमान १५,००० डॉलर. समजा, १,५१० उरलेत आणि आपल्याकडे जेमतेम दहा बिग ब्लाइंड, म्हणजे सक्तीच्या दहा बोलींपुरत्या चिपा. समोरच्यानं सगळं लावलं, आपली पानं मध्यम. टाकून द्यावीत. चिपा दुप्पट झाल्या तरी त्यांची डॉलरमधली किंमत दुप्पट होत नाही. गेल्या तर मात्र सगळंच जातं.

पण आपल्या आधी सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर आम्ही म्हणू, त्याच पानांवर आपणच सगळं लावावं! आता ‘येऊ की नको’ हा पेच दुसऱ्याचा. तो हटला की पानं न दाखवताच डाव आपला. चिपांचा डोंगर घेऊन बसलेला मात्र सहजी हटत नाही हो.