लहान पुलीचा मोह

तेलाच्या इंजिनावर पंप चालविणारा शेतकरी जाणतो कीं, इंजिनाची पुली लहान केली म्हणजे त्यावरील भार हलका होतो. पण पंपाचे फेरे घटून पाटास पाणीही कमी येतें. शर्यतीच्या मोटारींत लहान पुली बसवितात, तेथेंही हाच न्याय आहे.

पट्ट्यावरील यंत्रें मंदावून थोडी शक्ति चाकांकडे वळते, हा लाभ खरा. परंतु हिशेब पाहावा. समजा, इंजिन जागेवर मिनिटास ८०० फेरे घेत आहे. १५ सें.मी.ची पुली अल्टरनेटरच्या ५ सें.मी.च्या पुलीस २४०० फेरे देते; १२ सें.मी.ची १९२० च देते. शर्यतींत इंजिन सदैव वेगांत असल्यानें ही तूट जाणवत नाहीं. बाजाराच्या गर्दींत मात्र दिवे लावून गाडी खोळंबली, कीं बॅटरी उतरूं लागते. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असल्यास इंजिन तापतें. शिवाय पुष्कळ मूळ पुल्यांत कंप शोषणारें रबर असतें. त्याऐवजीं भरीव पुली बसविल्यास क्रँकशाफ्टला धोका पोंचतो.

सबब, रोजच्या गाडीची मूळ पुली बदलूं नये. ज्यास पहांटे भाजी घेऊन बाजार गांठावयाचा आहे, त्यास वेगापेक्षां वेळेवर सुरू होणारी गाडीच मोलाची.