व्यंगचित्रही ‘दस्तऐवज’च!

कोणताही कायदा हातात आला की मी आधी व्याख्यांचं कलम उघडतो. खरी गंमत तिथेच असते.

‘सार्वजनिक ठिकाण’ घ्या. मोटार वाहन कायदा (१९८८) विचारतो, लोकांना तिथे जायचा हक्क आहे का? तंबाखूविषयक कायद्याला (२००३) हक्काशी देणंघेणं नाही. लोकांची ये-जा आहे ना, मग झालं. म्हणून खासगी हॉटेलही सार्वजनिक! या कायद्यात मोकळी जागा वगळलेली, पण २००८च्या नियमांनी स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसथांबा यांची ती पळवाट बुजवली.

कडी म्हणजे बिहारच्या दारूबंदीचा खटला. रस्त्यावरची खासगी गाडीही सार्वजनिक ठिकाणच, असं सुप्रीम कोर्टानं २०१९मध्ये सांगितलं. आत शिरायचा हक्क नसेल, पण गाडीपर्यंत पोचता तर येतं! मला हा तर्क जरा ताणलेला वाटतो.

वस्तूंचंही तसंच. १८७२च्या पुरावा कायद्यात ‘दस्तऐवज’ म्हणजे फक्त कागद नव्हता. धातूच्या पत्र्यावरचा किंवा दगडावरचा कोरीव मजकूर, म्हणजे आपले ताम्रपट-शिलालेख, नकाशा, इतकंच काय, व्यंगचित्रसुद्धा! त्याच्या जागी १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानं ही उदाहरणं ठेवली आणि शेजारी ईमेल, व्हॉइसमेल आणून बसवले.